जलराजाचे विरळ केस

माझ्या कादंबऱ्या बाईच्या नावाने निघायच्या. यात माझी हौस काही नव्हती, प्रकाशकांची सोय होती. लायब्ऱ्यांना कादंबऱ्या पुरवणारे ते गृहस्थ मुंबईत एका जिन्याखालच्या खोलीत बसायचे. माझं पहिलं हस्तलिखित त्यांनी वाचलं, म्हणजे हातात घेऊन त्याची जाडी पाहिली, आणि म्हणाले, "बारा फॉर्मांत बसेल, दोनशे पानांच्या आत. नाव मात्र बाईचं टाकू."

"का हो?"

"पुस्तक नेतात बायका. वर पुरुषाचं नाव दिसलं की परत फळीवर. प्रेमातलं पुरुषाला काय कळतं?"

मला राग यायला हवा होता. पण तेव्हा माझी तिशी उलटून गेलेली, लग्न नाही, आणि प्रेम म्हणाल तर कॉलेजात एकीला जर्नल दिलं होतं ते तिने परत केलं, एवढाच अनुभव. त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे पुरावाच नव्हता. मी मान डोलावली आणि बाई झालो.

खरं सांगायचं तर मला ते बरंच पडलं. आमच्या घरात माझं खरं नाव छापलेली तसली कादंबरी आली असती तर वडिलांनी मला बाहेर काढलं असतं. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि विहारातल्या रविवारच्या वंदनेला न चुकता जाणारे. त्यांना एकदा माझ्या टेबलावरची पानं सापडली. सगळी वाचून काढली त्यांनी, आणि संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "आपण छप्पन्न साली देव सोडले, भुतं सोडली, अंगात येणं सोडलं. आणि तू घरात यक्ष आणलास."

"यक्ष नाही, जलराजा आहे तो."

"काय करतो?"

"तळ्याखाली राज्य करतो."

"पेन्शन आहे का?"

आई आतून हसली. वडील हसले नाहीत. ते विनोद करत नसत, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

तर ही कादंबरी म्हणजे तीन भागांची एक गोष्ट होती. एका व्यापाऱ्याशी लग्न ठरलेली मुलगी, आणि तिच्या गावच्या तळ्याखाली राहणारा जलराजा. तो फारसा बोलत नाही. ती घाटावर येऊन बसते, तो पाण्याखालून तिचं ऐकतो, बस. लोकांना वाटतं असली गोष्ट लिहिणाऱ्याची कल्पनाशक्ती कुठल्या कुठे जात असेल. माझी बदलापूर ते उल्हासनगरच्या पुढे कधी गेली नाही.

तळ्याखालचा महाल मी जांभूळला पाहिला. तिथे कारखान्यांना पुरवायचं पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात मी ऑपरेटर होतो. नदीचं गढूळ पाणी आत येतं, त्यात तुरटी पडते, मोठ्या गोल टाकीत ते निवांत बसतं, गाळ खाली जातो, आणि निवळलेलं पाणी काठावरून चहूबाजूंनी पातळ पडद्यासारखं उतरतं. दुपारपाळीला उन्हं तिरपी झाली की त्या पडद्यामागे खांब दिसत, कमानी दिसत. लोखंडी खांब होते, गंजलेले. मी ते सोन्याचे केले. शेवटी त्या पाण्यात क्लोरीन जातो, तसा तो माझ्यातही गेला होता. कितीही साबण लावा, अंगाचा वास जायचा नाही. बसमध्ये शेजारचा माणूस नाक चोळत खिडकीकडे सरकायचा. आणि बदलापुरात हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरी नळाला पाणी येईल त्या दिवशी सण. आई म्हणायची, "सगळ्या कंपन्यांना पाणी पाजतोस मेल्या, घरातला हंडा कोरडा."

नायिकेच्या मनासारखे बदलणारे नदीचे रंग मी वालधुनीवरून घेतले. उल्हासनगरात जीन्स धुऊन-रंगवून निघायच्या आणि ते पाणी नदीत यायचं. सकाळी नदी निळी, दुपारी तांबूस, कधी चक्क जांभळी. कुठल्याशा गावच्या वाचक बाईंनी प्रकाशकांना कळवलं होतं म्हणे, की असे रंग सुचायला माणूस निसर्गात राहायला हवा. मी पुलावर नाकाला रुमाल लावून उभा राहायचो आणि दिसेल तो रंग लिहून घ्यायचो.

नायिकेची उभं राहण्याची ढब अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरावरून उचलली. तिथे बाहेरच्या भिंतीवर दगडी बायका आहेत. कुणाचा हात गेलाय, कुणाचं नाक गेलंय, पण कंबरेत अशा वळलेल्या की वाटतं आत्ता कुणीतरी त्यांना हाक मारली. सुट्टीच्या दिवशी मी मान वाकडी करकरून त्यांच्याकडे बघत फिरायचो. एका आजोबांनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "या वयात एवढी भक्ती." ही बातमी कुणीतरी वडिलांपर्यंत पोचवली की तुमचा मुलगा शंकराला लागला. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी फक्त आईमार्फत बोलत होते.

राहिले कपडे. कपड्यांत मी ठार अडाणी. आमच्यात लग्न म्हणजे नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या सदऱ्यात, आटोपशीर काम. त्यात जलराजाची भरजरी मिरवणूक कुठून आणू? म्हणून मी उल्हासनगरातल्या लग्नाच्या कपड्यांच्या एका दुकानात शिरलो. शेठ सिंधी होते, गोल चेहऱ्याचे, प्रेमळ. त्यांनी विचारलं, "आओ साईं, शादी कब की है?" आणि खरं सांगायचं धैर्य नसल्यामुळे मी म्हणालो, "मे में."

झालं. मी नवरदेव झालो. शेठ शेरवानीवर शेरवानी उलगडायचे, हे जरदोजी, हे गोटापट्टी, हा साफा, ही कलगी. मी सगळं बोटांनी चाचपायचो, नावं घोकायचो आणि "घरच्यांना विचारून येतो" म्हणून सटकायचो. मग पुढच्या प्रकरणाला पुन्हा हजर. मे गेला. मी म्हणालो डिसेंबर. डिसेंबर गेला.

त्या दुकानात बिलाच्या काउंटरला एक मुलगी बसायची. मुलगी म्हणजे माझ्याहून चारेक वर्षांनी लहान, विठ्ठलवाडीला चाळीत आई आणि दोन धाकट्या भावांबरोबर राहणारी. एकदा शेठ माल बघायला आत गेले तेव्हा तिने बिलबुकावरून मान न उचलता विचारलं, "दादा, एक विचारू? लग्न कुणाचंय?"

"माझंच."

"मुलगी ठरलीय?"

"हो. आहे ना."

"दोन दिवाळ्या झाल्या. अजून आहे ती?"

मी साफा बघू लागलो. तेवढ्यात मला काउंटरखाली, तिच्या मांडीवर, माझाच पहिला भाग उघडा दिसला. मुखपृष्ठावर हंस होता. कादंबरीत हंस कुठेच नाही, पण प्रकाशकांकडे चित्र तयार होतं.

"हे कसं आहे पुस्तक?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही कळणार, दादा. बायकांचं आहे."

त्या दिवसापासून माझं कपडे बघणं बंद झालं आणि दुकानात जाणं वाढलं. शेठना वाटायचं गिऱ्हाईक पिकतंय. मी तिच्याकडून पुस्तकाबद्दल काढून घ्यायचो. ती सांगायची, हातातलं काम न थांबवता. लेखिकाबाईंना ती "बाई" म्हणायची, शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतात तसं. बाईंना नक्की नवऱ्याने टाकलेलं असणार, असा तिचा कयास होता.

"कशावरून?"

"जिला सगळं मिळालंय ती असं वाट बघणं लिहील का? मी कधी कधी मनातल्या मनात बोलते त्यांच्याशी. घरात भावांशी काय बोलणार? आणि आईला सांगितलं की ती रडते."

मी घरी गेलो, आरशासमोर उभा राहिलो आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईसारखा चेहरा करून पाहिला. जमला. तो माझा नेहमीचाच चेहरा होता.

दुसरा भाग मी तिच्याच बोलण्यावर लिहिला. तिने म्हणावं, व्यापारी वाईट दाखवला की मजा जाते, तर मी व्यापारी चांगला केला. तिने म्हणावं, जलराजा बोलत नाही तेच बरं, बोलणारे पुष्कळ आहेत, तर मी त्याचं तोंड आणखी बंद केलं. माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं त्यातल्या त्यात चांगलं काही असेल तर तो दुसरा भाग. त्याच्या शेवटी नायिका साखरपुड्याच्या सकाळी घाटावर उभी आहे, घरून बोलावणं आलंय, आणि पाणी हलत नाही. तिथे मी थांबलो.

मला तिच्याशी लग्न करायचं होतं. हे मला केव्हा कळलं ते सांगता येणार नाही, पण ती मला दादा म्हणायची ते मला आवडेनासं झालं होतं, एवढं पुरे.

एका दुपारी ती नेहमीपेक्षा गप्प होती. मी दोनदा विचारल्यावर म्हणाली, "स्थळ आलंय. नाशिकचं. सरकारी नोकरी आहे. बीजवर आहे, एक मुलगी आहे त्याला."

"मग?"

"माणूस वाईट नाही. तेच तर. वाईट असता तर नाही म्हणायला सोपं होतं." तिने बिल फाडून गिऱ्हाइकाला दिलं आणि पुढे म्हणाली, "मी आईला म्हटलंय दिवाळीपर्यंत थांब. तोवर तिसरा भाग येईल लायब्ररीत. बाई तिला काय करायला लावतात बघते, मग सांगते हो की नाही."

"पुस्तकावरून?" मी म्हणालो.

"तुम्ही पत्रिका बघता ना लग्नाला?"

"आमच्यात नाही बघत."

"आमच्यातही नाही बघत. मग काय बघायचं?"

मला त्या क्षणी काय वाटलं असेल याची कल्पना करा. जगातल्या कुठल्याही लेखकाला मिळाली नसेल अशी सत्ता माझ्या हातात आली होती, आणि ती आली होती एका अशा माणसाच्या हातात, ज्याला इतकी वर्षं एक शेरवानी नको म्हणता आली नव्हती.

तिसऱ्या भागाचा शेवट माझ्या डोक्यात पहिल्यापासून ठरलेला होता. ती घाट चढून परत जाते, व्यापाऱ्याशी लग्न करते, आणि जलराजा तिला अडवत नाही. त्या वर्षी तळं आटतं. तोच शेवट खरा होता. पण आता तो लिहिणं म्हणजे तिला आपल्या हाताने नाशिकच्या गाडीत बसवणं. मी तो फाडला. मग टाकीच्या काठावर, पंपांच्या घरघरीत, दुपारपाळी संपेपर्यंत बसून मी दुसराच शेवट लिहिला. नायिका दागिने उतरवते, धावत पाण्यात शिरते, आणि जलराजा वर येतो. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण तिने ओळखायला नको का? म्हणून मी त्याच्या डाव्या भुवईवर कापल्याची खूण ठेवली, जशी माझ्या आहे. त्याच्या अंगाला तळाच्या पाण्याचा नाकाला झोंबणारा वास दिला. केस कपाळाकडून विरळ केले. आणि दोन भाग तोंड मिटून बसलेल्या त्या माणसाला भाषण दिलं. मी तुझी किती वाट पाहिली, कसकशी पाहिली, सविस्तर.

प्रकाशकांचा फोन किराणा दुकानात आला, कारण आमच्या घरी फोन नव्हता आणि मी जवळच्या किराणावाल्याचा नंबर दिला होता. किराणावाला आणि दोन गिऱ्हाइकं ऐकत असताना मला उत्तरं द्यावी लागली.

"जलराजाला टक्कल कशाला हो?"

"टक्कल नाही. पुढून विरळ."

"प्रेमकथेत दोन्ही एकच."

"राहू द्या. वेगळेपण येतं."

"आणि हा वास?"

"तो पाहिजेच."

किराणावाल्याने नंतर बरेच दिवस माझ्याकडे दयेने पाहिलं.

पुस्तक दिवाळीच्या आधी आलं. मी आठवडा जाऊ दिला, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि गेलो. दुकानात लग्नसराईची गर्दी होती. शेठ दोन कुटुंबांमध्ये अडकलेले. ती काउंटरवर होती, पुस्तक खाली मांडीवर नव्हतं, वर बिलबुकाशेजारी ठेवलेलं होतं. मिटलेलं.

"वाचलं?" मी विचारलं.

"बिघडवलं," ती म्हणाली. "दोन भाग ती पोरगी शहाण्यासारखी वागली. आता उठून धावत काय सुटली? आणि तो. आधी कसा होता. आता पानंच्या पानं स्वतःबद्दल. मी वाट बघितली, मी वाट बघितली. बघितलीस तर बघितलीस, तिच्यावर उपकार केलेस?" "मला वाटतं बाई आजारी असतील. हा भाग त्यांनी नाही लिहिला. कुणीतरी पुरुषाने लिहिलाय."

इथे कुणीही शहाणा माणूस "असेल बुवा" म्हणून घरी गेला असता. मी म्हणालो, "तिन्ही मीच लिहिलेत."

ती हसली. मग माझ्या भुवईकडे तिचं लक्ष गेलं. मग केसांकडे. तिचं हसणं कसं कसं कमी होत गेलं ते मी पाहिलं, आणि आजवर मला त्याचं वर्णन जमलेलं नाही.

"पहिल्या भागात ती पाहुण्यांसमोरून उठून न्हाणीत जाते," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पाणी सोडून रडते. ते कुणी लिहिलं?"

"मीच."

"तुम्हाला काय माहीत ते?"

"आमची आई करायची तसं. पाणी असेल त्या दिवशी."

एका बाईंनी ओढणीचं बिल मागितलं, ते तिने केलं, सुटे दिले. मग म्हणाली, "मी एवढी वर्षं त्या बाईंना एकेक सांगत होते. ते सगळं तुम्हाला सांगत होते?"

आता बोलायला हवं होतं. कागदावर मी दोन पानं बोललो होतो. इथे मागे शेठ "लहंगा भारी है, उठा के देखो" म्हणत होते, पुढे ती होती, आणि माझ्या तोंडातून निघालं, "लग्न झालेल्यांना क्वार्टर मिळते आमच्याकडे. चोवीस तास पाणी असतं."

उल्हासनगरात यापेक्षा मोठं वचन कुणी कुणाला दिलं नसेल. तिला ते कळलंही. ती चिडली नाही. चिडली असती तर मी आशा धरली असती.

"तुम्ही माणूस वाईट नाही," ती म्हणाली. आणि हे वाक्य मी तिच्याकडून आधी कुणाबद्दल ऐकलं होतं ते मला लगेच आठवलं. "पण बाई असत्या ना, तर त्यांनी मला आधी विचारलं असतं, तुला काय वाटतंय म्हणून. तुम्ही उत्तर छापूनच आणलंत."

"मी शेवट बदलतो."

"आता कशाला बदलता? माझं मी बघते." तिने पुस्तक उचलून माझ्याकडे सरकवलं. "लायब्ररीचं आहे, स्टेशनजवळच्या. जाता जाता देऊन टाकाल का, सर?"

दादावरून मी सरवर आलो होतो. एवढीच प्रगती.

तिने होकार कळवला. मला शेठकडून समजलं, माघाच्या सुमाराला. लग्न नाशिकलाच झालं, पांढऱ्या साडीत, आणि दुकानातल्या इतक्या झगमगाटातून तिने स्वतःसाठी एक साधी जरीची टिकलीही नेली नाही, याचं शेठना फार वाईट वाटत होतं. तिची मुलगी, म्हणजे त्याची, तिला आई म्हणते का, तिथे लायब्ररी आहे का, हे विचारायला मला कुणी नव्हतं. शेठना विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा शेरवानी काढली असती.

मी प्रकाशकांकडे गेलो. म्हटलं, तिसऱ्या भागाचा शेवट चुकलाय, दुसरी आवृत्ती काढाल तेव्हा मी खरा शेवट देतो. ते माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघू लागले.

"चुकलाय? अहो, तिन्ही भागांत तिसराच उचलला जातोय. लायब्ररीवाले सांगतात, बायका नाव लावून ठेवतात. त्या भाषणावर खूश आहेत सगळ्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. चौथा भाग द्या. त्यात भाषण वाढवा. केसांचं मात्र बघा काहीतरी."

मी चौथा दिला. पाचवाही दिला. जलराजा आता सारखा बोलतो. तळं, घाट, चंद्र, वाट पाहणं. त्याला मी थांबवू शकत नाही, कारण कुठे थांबायचं ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. दुपारपाळीत टाकीच्या काठावर बसलो की अजून पाणी पडद्यासारखं उतरतं, त्यामागे मला गंजलेले लोखंडी खांब दिसतात, आणि मी सवयीने "सुवर्णस्तंभ" असं लिहून टाकतो.